उडता कॅमेरा

लग्नाच्या मांडवात तुम्ही हे दृश्य पाहिले असेल. वरात दारात येते. तेवढ्यात डोक्यावर भुंग्यासारखा आवाज होतो. सगळे माना वर करून पाहतात. चार पंख्यांचे एक छोटे यंत्र हवेत तरंगत असते. त्याच्या पोटाखाली कॅमेरा असतो. लहान मुले हात हलवतात, मोठी माणसे टोपी नीट करतात! हे यंत्र म्हणजे ड्रोन.

‘ड्रोन’ हा इंग्रजी शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ नर मधमाशी. यंत्राचा गुणगुणणारा आवाज ऐकला की हे नाव कसे शोभते ते लक्षात येते.

उंचावरून चित्र घेण्याची माणसाची हौस फार जुनी आहे. १८५८ साली नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने बलूनमध्ये बसून छायाचित्र घेतले. १८८८ साली आर्थर बात्यू याने तर पतंगालाच कॅमेरा बांधला. पुढे चित्रपटवाले उंच क्रेन आणि हेलिकॉप्टर वापरू लागले. पण त्याचा खर्च मोठा. मालेगावच्या हौशी कलावंतांनी सायकलवर कॅमेरा नेऊन चित्रपट काढले, कारण महागडी साधने त्यांना परवडणारी नव्हती. ड्रोन आल्यामुळे आकाशातून चित्रण करणे लहान स्टुडिओवाल्यालाही शक्य झाले.

ड्रोन उडतो कसा? त्याचे समोरासमोरचे दोन पंखे एका दिशेने फिरतात आणि उरलेले दोन उलट दिशेने. म्हणून तो स्वतःभोवती गरगरत नाही. मागचे पंखे जोरात आणि पुढचे हळू फिरले की ड्रोन पुढे झुकतो व पुढे जातो. मग कॅमेरा का झुकत नाही? कारण तो एका खास चौकटीत बसवलेला असतो. तिला गिंबल म्हणतात. ड्रोन जिकडे कलतो त्याच्या उलट बाजूला ही चौकट कॅमेरा वळवते आणि चित्र स्थिर राहते. चालक जमिनीवर उभा असतो. पतंगाला मांजा असतो, तसा ड्रोनला रेडिओ लहरींचा न दिसणारा दोरा असतो. बॅटरी मात्र थोडाच वेळ टिकते. लहान ड्रोन साधारण अर्धा तास उडतो. जोराचा वारा असेल तर त्याहूनही कमी.

आता तुम्ही विचाराल, एवढ्याशा यंत्राला कायदा कशाला? मित्रांनो, आकाश कोणा एकाचे नसते. त्याच आकाशातून विमाने जातात, रुग्णांना नेणारी हेलिकॉप्टरे जातात. साधा पक्षी आदळला तरी विमानाला धोका होतो. मग धातूच्या मोटारी आणि बॅटरी असलेला ड्रोन आदळला तर? शिवाय एखादा किलो वजनाचे यंत्र शंभर फुटांवरून गर्दीत पडले तर माणसाचा जीव जाऊ शकतो. म्हणूनच भारत सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ जाहीर केले.

या नियमांत ड्रोनचे वजनावरून पाच प्रकार केले आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो. त्याहून जड पण २ किलोपर्यंतचा तो सूक्ष्म. २ ते २५ किलोचा लहान, २५ ते १५० किलोचा मध्यम आणि त्याहून जड तो मोठा.

आकाशाचेही तीन रंग ठरवले आहेत. ते रस्त्यावरच्या सिग्नलसारखेच आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, उड्डाणासाठी वेगळी परवानगी लागत नाही. ही उंची जवळजवळ चाळीस मजली इमारतीएवढी आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटर अंतरावर मात्र ही मर्यादा २०० फूट आहे. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यावी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन नेताच येत नाही. कुर्ला मुंबईच्या विमानतळाला अगदी लागून आहे. तेथे परवानगीशिवाय एक फूटही उडता येणार नाही.

हे रंग दाखवणारा नकाशा ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर आहे. काल हिरवी असलेली जागा आज लाल असू शकते, कारण पोलीस किंवा राज्य सरकार एखादा भाग ९६ तासांपर्यंत लाल ठरवू शकतात. म्हणून नकाशा प्रत्येक वेळी पाहावा. बीबी का मकबऱ्यासारख्या संरक्षित वास्तूचे चित्रण करायचे असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

आता कामाची गोष्ट नीट लक्षात घ्या. समजा, दोन माणसांकडे एक-एक किलोचे, अगदी एकसारखे ड्रोन आहेत. एकजण हौसेखातर उडवतो. दुसरा लग्नाचे चित्रण करून पैसे घेतो. पहिल्याला चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. दुसऱ्याला लागते. का बरे? कारण पैसे घेऊन केलेले काम हा व्यवसाय होतो. व्यवसाय करणारा रोज उडवतो, लोकांच्या जवळ उडवतो, आणि गिऱ्हाइकाच्या घाईखातर धोका पत्करण्याचा मोह त्याला होतो. म्हणून त्याच्याकडून शिक्षणाची अपेक्षा ठेवली आहे. नॅनो ड्रोनला मात्र या प्रमाणपत्रातून सूट आहे.

हे प्रमाणपत्र मिळवणे अवघड नाही. वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान असावे, दहावी उत्तीर्ण असावे आणि सरकारमान्य संस्थेत प्रशिक्षण पूर्ण करावे. प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. याशिवाय ड्रोनची नोंदणी करून त्याचा क्रमांक घ्यावा लागतो, जसा मोटारसायकलचा घेतात. नॅनोखेरीज इतर ड्रोनचा विमाही लागतो, म्हणजे कोणाला इजा झाली तर त्याला भरपाई मिळते. २०२१ च्या नियमांत नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

आता असे समजा की, तुमचा मोठा भाऊ एका फोटो स्टुडिओत काम करतो. ऐन लग्नाच्या दिवशी मालक त्याच्या हाती ड्रोन देतो आणि म्हणतो, “घे, उडव. काही होत नाही.” भाऊ नवा आहे. नोकरी जाण्याची भीती आहे. घरी त्याच्या पगाराची वाट पाहणारे आहेत. तो काय करील? ड्रोन पडला, कोणी जखमी झाले, तर पोलीस विचारतील, “उडवत कोण होते?” त्या वेळी “मला नियम माहीत नव्हते” हे उत्तर चालत नाही. त्याने नम्रपणे एवढेच म्हणावे, “शेठ, प्रमाणपत्र मिळेपर्यंत मी हात लावणार नाही. मला आधी शिकू द्या.” आजची मजुरी बुडेल, पण आयुष्याची उमेद वाचेल.

काही गोष्टी नियमांच्या पुस्तकाबाहेरच्याही आहेत. दुसऱ्याच्या गच्चीवर, खिडकीसमोर कॅमेरा नेऊ नये. मांडवात बायका वेगळ्या बसल्या असतील तर त्यांच्यावरून ड्रोन फिरवू नये. ज्याला आपण उर्दूत ‘इजाजत’ म्हणतो तिलाच मराठीत ‘परवानगी’ म्हणतात. ती सरकारची घ्यावी, तशी शेजाऱ्याचीही घ्यावी. जाणता चालक ड्रोन नजरेआड जाऊ देत नाही, गर्दीच्या थेट डोक्यावर नेत नाही आणि बॅटरी संपण्याच्या बऱ्याच आधी खाली उतरवतो.

मित्रांनो, आज शेतावर औषध फवारण्यासाठी, गावांच्या जमिनी मोजण्यासाठी, पुरात अडकलेल्यांना शोधण्यासाठी ड्रोन वापरतात. या कामांसाठी शिकलेली माणसे हवी आहेत. त्यासाठी पहिली पायरी दहावीची आहे, आणि ती तर तुमच्या समोरच आहे. पुढच्या वेळी मांडवात तो गुणगुणता आवाज आला की वर जरूर पाहा. पण त्याबरोबर खालीही पाहा. ड्रोनकडे डोळे लावून शांतपणे उभा असलेला माणूस तुम्हाला दिसेल. ड्रोन आकाशात असला तरी त्याची सारी जबाबदारी जमिनीवर उभ्या असलेल्या त्या माणसाच्या दोन हातांत असते.