वेशीवरील रूपांतर

महाजालाच्या आरंभकाळी, म्हणजे १९९१ च्या सुमारास, जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी एचटीटीपीचा जो व्यवहार सुरू केला, त्यात मागणी एका ओळीची असे आणि उत्तरादाखल एचटीएमएलचे पानच येणार हे उभयपक्षी गृहीत असे. साहजिकच आलेला मजकूर कोणत्या स्वरूपाचा आहे हे सांगणारी ओळ सोबत जोडण्याचे कारण कोणाला पडत नव्हते. जून १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेन्स्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ईमेलसाठी माइम ही पद्धती मांडली, आणि पत्राबरोबर येणारा ऐवज साधा मजकूर आहे, चित्र आहे की ध्वनी, याचा दाखला शिरोभागीच नोंदवण्याचा प्रघात पडला. एचटीटीपीने तो उचलला. मे १९९६ च्या १.० आवृत्तीच्या मसुद्यात कंटेंट-टाइप हे हेडर विधिवत रुजू झाले. आणि जानेवारी १९९७ च्या १.१ आवृत्तीने मागणी करणाऱ्याला आपली पसंती कळवण्याची सविस्तर रीत घालून दिली. ॲक्सेप्ट या हेडरात त्याने चालणारी स्वरूपे लिहावीत, प्रत्येकाला शून्य ते एक यांच्या दरम्यानचे वजन द्यावे, सर्व्हरने त्यांतील जमेल ते पाठवावे. काहीच जमत नसेल तर ४०६, आणि आलेला मजकूर सर्व्हरला चालणाऱ्या स्वरूपात नसेल तर ४१५ हा अंक परत धाडावा.

एकाच वस्तूची अनेक रूपे असू शकतात, आणि त्यांतील कोणते द्यावे हे देणाऱ्याने एकट्याने ठरवावयाचे नसते, हे तत्त्व या करारनाम्याने जितक्या निःसंदिग्धपणे मान्य केले तितके पुढील वीस वर्षांत क्वचितच कोणी केले असेल. उलट प्रत्येक नव्या स्वरूपाबरोबर, आता हेच एक सर्वांना पुरेल आणि रूपांतराचा उपद्व्याप कायमचा मिटेल, अशी आशा नव्याने पल्लवित होत गेली. १० फेब्रुवारी १९९८ रोजी एक्सएमएलला शिफारशीचा दर्जा मिळाला, त्यामागोमाग सोप आले, नोव्हेंबर १९९९ मध्ये एका एक्सएमएल दस्तऐवजाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याकरिताच घडवलेली एक्सएसएलटी ही भाषा आली, आणि बँका, विमा कंपन्या, सरकारी दप्तरे यांचा व्यवहार त्या भारदस्त चौकटीत बसू लागला. इकडे डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००१ च्या सुमारास जावास्क्रिप्टच्या अंगभूत लेखनपद्धतीतून जेसन वेगळे काढले. जुलै २००६ मध्ये त्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तोवर ब्राउझरमधील प्रोग्रॅमरांनी ते केव्हाच आपलेसे केले होते. परिणामी दोन मुलुख निर्माण झाले. संस्थांच्या अंतर्भागात एक्सएमएलचा अंमल, ब्राउझरमध्ये आणि पुढे मोबाइलवर जेसनचा, आणि वेशीवर या दोहोंत अहोरात्र ये-जा करणारे दुभाषी प्रोग्रॅम.

या दुभाष्यांचे काम कारकुनी स्वरूपाचे आहे अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. ती समजूत ज्या एका उदाहरणाने कोलमडते ते अगदी सामान्य आहे. एखाद्या देयकाच्या एक्सएमएलमध्ये वस्तूची नोंद दोनदा आली, तर रूपांतर करणारी लायब्ररी तिची यादी करते; तीच नोंद एकदाच आली, तर यादी न करता एकटी वस्तू म्हणून ठेवते, आणि यादीची अपेक्षा करणारा पलीकडचा प्रोग्रॅम नेमका एकाच वस्तूच्या खरेदीवर बंद पडतो. येथे लायब्ररीकडे बोट दाखवणे न्याय्य नाही, कारण ही नोंद मुळात अनेक होऊ शकते की नाही, हे समोरच्या मजकुरात कोठेच लिहिलेले नसते. मोडी कागदांचे बाळबोधीकरण ज्यांनी केले आहे त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल: मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवण्याची रीत नाही, शब्दही सलग लिहिलेले, आणि बाळबोधीला मात्र दोन्ही हवे, म्हणून तेथे अक्षरे ओळखणारा पुरत नाही, तो व्यवहार जाणणाराच लागतो. मूळ रूप जे सांगत नाही ते लक्ष्यरूप मागते, तेव्हा उणीव भरून काढणारे ज्ञान मजकुराबाहेरूनच आणावे लागते, आणि माझ्या मते या साऱ्या कालखंडाचे सार याच एका अडचणीत आहे.

तिचे अन्य अवतारही थोडे नाहीत. एक्सएमएलमध्ये एखादी माहिती घटकात ठेवता येते, तशी गुणधर्मातही. जेसनमध्ये हा भेदच नसल्यामुळे गुणधर्माच्या नावामागे विशिष्ट चिन्ह लावण्याचे बॅजरफिशसारखे संकेत निघाले. जेसनमध्ये तारीख नावाचा प्रकार नाही. म्हणून कोणी १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद लिहिले, कोणी आयएसओ ८६०१ चा आधार घेतला, आणि भारतीय वेळेच्या मध्यरात्रीवर नोंदवलेली जन्मतारीख जागतिक वेळेत नेताना साडेपाच तास मागे सरून आदल्या दिवशी जाऊन बसली. संख्यांचेही तेच. जावास्क्रिप्टचा नेहमीचा संख्याप्रकार ९००७१९९२५४७४०९९२ च्या पलीकडील प्रत्येक पूर्णांक अचूक धरू शकत नाही. म्हणूनच २०१० साली ट्विटरला आपले लांबलचक क्रमांक संख्येबरोबरच अक्षररूपातही पाठवणे भाग पडले.

पुढे फ्रेमवर्कांनी हे काम प्रोग्रॅमरच्या हातून काढून घेतले. २००६ मध्ये रेल्समध्ये एकाच कृतीतून मागेल ते स्वरूप देण्याची सोय आली. डिसेंबर २००९ च्या स्प्रिंग ३.० मध्ये रिक्वेस्टचा मजकूर परस्पर ऑब्जेक्टमध्ये आणि ऑब्जेक्ट परस्पर रिस्पॉन्समध्ये नेणारे कन्व्हर्टर आले. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या वेब एपीआयने तोच मार्ग धरला. कष्ट वाचले हे निर्विवाद. परंतु रूपांतर दृष्टीआड गेले, आणि दृष्टीआड गेलेल्या कामाची रुजुवात कोणी करत नाही. जानेवारी २०१३ मध्ये रेल्समध्ये जे उघडकीस आले ते या दृष्टीने चिंतनीय आहे. रेल्स बाहेरून आलेला एक्सएमएल मजकूर आपण होऊन वाचत असे, त्यातील घटकाला आपला प्रकार स्वतःच घोषित करू देत असे, आणि मान्य प्रकारांत यॅमलही होता. यॅमलमधून रूबीची हवी ती वस्तू उभी करता येत असल्यामुळे कोणाही अनोळखी व्यक्तीला दूरच्या सर्व्हरवर आपला प्रोग्रॅम चालवणे शक्य होते. ज्यांनी आयुष्यात एकदाही एक्सएमएल मागवले नव्हते त्यांचेही सर्व्हर असुरक्षित होते, कारण ती सोय मुळातच चालू ठेवलेली होती. रेल्सच्या चौथ्या आवृत्तीत ती गाभ्यातून काढण्यात आली. सीमेवरून जे आत घ्यावयाचे नाही त्याचे भाषांतरही करू नये, हा धडा एवढी किंमत मोजून शिकावा लागला.

मराठी मजकुराच्या वाट्याला आलेले हाल याहून जुने आहेत. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी संकेतस्थळे आपापल्या फाँटांच्या संकेतात लिहिली जात, आणि त्या लेखनात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असे, तर युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने नंतर येते. रफाराची गत नेमकी उलटी. तेव्हा अक्षरामागे अक्षर ठेवणाऱ्या तक्त्याने हे काम होत नसे, मराठी लेखनाची घडण जाणणारे नियम रचावे लागत. युनिकोड आल्यानंतरही ‘मराठी’ या शब्दाचे पाच संकेत यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट व्यापतात, आणि ज्या प्रोग्रॅमने रिस्पॉन्सची लांबी बाइटांऐवजी अक्षरसंकेतांत मोजली त्याने इंग्रजी मजकूर बिनचूक पोचवला, मराठी मात्र एक-तृतीयांशावर तोडला. डिसेंबर २०१७ मधील जेसनच्या मसुद्याने परस्परांतील देवघेवीसाठी यूटीएफ-८ बंधनकारक केले, ते देवनागरीत लिहिणाऱ्यांना फार आधी हवे होते.

त्याच वर्षी, १ जुलैला, वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि रूपांतराचा हा प्रश्न गावोगावच्या कर-सल्लागारांच्या मेजावर येऊन पोचला. कारण हिशेबाच्या प्रोग्रॅमांतून एक्सएमएल वा एक्सेल निघे आणि विवरणपत्राच्या पोर्टलवर जेसन चढवावे लागे. १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यापाऱ्यांना देयकेच जेसनमध्ये नोंदवणे आवश्यक झाले. त्या देयकाच्या आराखड्यात वस्तूंच्या वर्गीकरणाचा क्रमांक संख्या म्हणून न मागता अक्षररूपात, अवतरणचिन्हांत, मागितलेला आहे. चहाचा क्रमांक ०९०२, कॉफीचा ०९०१. संख्या म्हणून वाचले तर आरंभीचे शून्य गळते आणि अध्यायच बदलतो. आराखडा लिहिणाऱ्याने हे आधीच ध्यानी घेतले होते, आणि अवतरणचिन्हांच्या त्या जोडीमुळे मधल्या किती कन्व्हर्टरांच्या हातून तो क्रमांक गेला तरी तो चहाचाच राहतो.