सोनोग्राफीचा प्रोब आणि सिलिकॉनचा सांधा

सोलापुरात सोनोग्राफीच्या रांगेत अक्कलकोट, मंगळवेढ्याकडून आलेल्या गरोदर स्त्रिया हमखास दिसतात. त्यांच्या पोटावरून जो प्रोब फिरतो, त्यात बहुधा ‘पीझेडटी’ असते. म्हणजे शिसे, झिरकोनियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचा स्फटिक. विजेचा दाब दिला की तो किंचित ताणला जातो आणि ध्वनिलहर सुटते. परतलेली लहर त्याला दाबते आणि पुन्हा वीज मिळते.

त्याच्या रचनेला ‘पेरोव्हस्काइट’ म्हणतात. उरल पर्वतातल्या एका खनिजाला १८३९ साली हे नाव मिळाले. घनाच्या कोपऱ्यांवर शिसे, सहा बाजूंच्या मध्यावर ऑक्सिजन आणि पोटात टायटॅनियम किंवा झिरकोनियम. पोटातला हा अणू केंद्रापासून जरासा सरकलेला असतो. सारी करामत त्या सरकण्याची.

याच पदार्थाचा पातळ थर सिलिकॉनच्या चिपवर बसवला, तर प्रोब खिशात मावतो, खेड्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंत जाऊ शकतो. (अर्थात पीसीपीएनडीटी कायद्याची नोंदणी छोट्या यंत्रालाही सुटत नाही, आणि सुटूही नये.)

अडचण आहे ती सांध्याची. शिसे सिलिकॉनमध्ये शिरते आणि सगळे बिघडवते. म्हणून मध्ये दुसरा थर घालतात. स्ट्रॉन्शियम टायटॅनेट हा त्यातला एक. त्याच्या अणूंतले अंतर ०.३९ नॅनोमीटर, सिलिकॉनचे ०.५४. सोलापुरी चादरीवर वेगळ्या विणीचे कापड धाग्याला धागा जुळवून बसवण्यासारखाच हा प्रकार. पण थर ४५ अंशांनी फिरवला की सिलिकॉनचे तिरके अंतर ०.३८ भरते आणि तफावत दोन टक्क्यांच्या आत येते. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने १९९८ साली हा सांधा नीट जुळवून दाखवला. महाराष्ट्रातही हा विषय नवा नाही. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर येथे काम केलेले डॉ. सतीशचंद्र ओगले यांनी ऑक्साइडच्या पातळ थरांवरील ग्रंथ संपादित केला, तो २००५ सालचा.

सांधा जुळला की नाही, हे क्ष-किरण सांगतात. मात्र रुग्णालयातल्या एक्स-रेत हाडाची सावली दिसते, इथे किरण कोणत्या कोनात परततात ते मोजतात. कोनावरून अणूंच्या ओळींतले अंतर कळते. शिखर सरकले तर थर ताणलेला, पसरट झाले तर स्फटिक वेडेवाकडे.

तरीही एक गोष्ट निसटते. सिलिकॉनला ऑक्सिजन लागला की सांध्यावर काचेसारखा विस्कळीत पापुद्रा धरतो. त्यात अणूंच्या ओळीच नसल्याने शिखर उमटत नाही. तेव्हा चिपचा आडवा छेद घेऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. हा पापुद्रा एक-दोन नॅनोमीटरचाच असला, तरी विजेच्या दाबाचा मोठा वाटा तोच खातो आणि स्फटिकाच्या वाट्याला कमी येतो.