दरसवाडीचे पाणी माठात येईल काय?

धरणाचे नाव निघाले की आपल्या चांदवड तालुक्यात पहिला प्रश्न असतो, "किती भरले?" शेतीला तो ठीक आहे. पिण्याच्या पाण्यासाठी विचारायचे ते हे, की मे महिन्यात किती उरते?

दरसवाडी धरण घ्या. पुणेगाव धरणाचा कालवा इथे येतो आणि पुढे येवला तालुक्यात डोंगरगावकडे जातो. पश्चिमेकडे वाहून जाणारे पाणी मांजरपाडा योजनेने २०१९ साली पुणेगावकडे वळले, तेव्हा आशा वाढली. मग दरसवाडीवरच नळयोजना का नको, असे कुणालाही वाटेल. पण कालव्याला हे पाणी सुटते ते मुख्यतः पावसाळ्यात, पुणेगाव भरल्यावर. त्यानंतर सात-आठ महिने ऊन आणि शेतीचे पंप ते ओढत राहतात.

आता थोडा हिशेब मांडू. (कारकुनाची सवय, दुसरे काय!) जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. तीस हजार लोकांना दिवसाला साडेसोळा लाख लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ६० कोटी लिटर लागेल. एक दशलक्ष घनफूट म्हणजे २ कोटी ८३ लाख लिटर. तेव्हा वर्षाची गरज झाली अवघी २१ दशलक्ष घनफूट. गळती आणि बाष्पीभवन धरून दीडपट करा, तरी आकडा फार मोठा होत नाही. म्हणजे अडचण पाण्याच्या मापाची कमी, ते राखून ठेवण्याची जास्त.

शेजारचे मनमाड पाहा. पालखेड कालव्याचे आवर्तन यायचे, ते साठवून वागदर्डीत टाकायचे आणि मग नळाला सोडायचे. आवर्तन लांबले की माताभगिनींनी पंधरा-पंधरा दिवस पिंपे सांभाळायची. शेवटी करंजवण धरणातून थेट जलवाहिनी टाकण्याची योजना घ्यावी लागली. कालव्याच्या भरवशावर गाव पाणी पीत नाही, हा धडा दरसवाडीलाही लागू आहे.

राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे. पण आरक्षण आपल्या गावाच्या नावे नोंदले गेले तरच त्याचा उपयोग. नुसत्या मृतसाठ्यावर योजना आखली, तर उन्हाळ्यात गाळ उपसावा लागेल. शिवाय पाणी उचलायचे म्हणजे वीजबिल आले. ते कोण भरणार, हे आधीच ठरलेले बरे. आणि टाकी गावठाणात बांधली तर आपल्या वस्तीच्या शेवटच्या नळाला दाब राहील का? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे म्हणून. जलवाहिनीच्या नकाशातही तो हक्क बघायला हवा.

धरणाच्या पातळीची नोंद पाटबंधारे खात्याकडे असते. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर ती मागता येते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेवढेही लागत नाहीत. मागील पाच वर्षांचे १ मार्च आणि १५ मे या दोन दिवसांचे आकडे मागा, आणि ते घेऊनच ग्रामसभेत बसा.