जागा कुणी सोडायची?

मोबाइलवर एखादा अर्ज निम्मा भरून होतो. ओटीपी पाहायला आपण मेसेजमध्ये जातो, परत येतो, तर अर्ज कोराच! नेटवर्कला शिव्या देऊन आपण मोकळे होतो. पण मंडळी, पुष्कळदा नेटवर्क निर्दोष असतं. आत मेमरीसाठी झालेल्या खेचाखेचीत ते अॅपच बंद पडलेलं असतं. ही जागा कुणी सोडायची, हे ठरतं कसं, त्याविषयी मी बोलणार आहे.

संगणकाच्या किंवा फोनच्या गाभ्याशी कर्नल नावाचा कारभारी असतो. अँड्रॉइड फोनमध्ये तो लिनक्सचा. मेमरीची तो छोटी छोटी पानं पाडतो आणि मागेल त्या प्रोग्रॅमला देतो. पानं संपत आली की ‘केस्वॅपडी’ नावाचा त्याचा हरकाम्या उठून आवराआवर करू लागतो. त्याला झेपेनासं झालं, की पान मागणाऱ्या प्रोग्रॅमलाच आधी आवरायला लावतात. फोन मध्येच अडखळतो, तो बरेचदा इथं.

फाइलमधून वाचलेलं, बदल न झालेलं पान सरळ टाकून देता येतं. प्रोग्रॅमची स्वतःची माहिती मात्र दाबून बसवावी लागते किंवा डिस्कवर ठेवावी लागते. पान चुकीचं निवडलं तर ते लगेच परत आणायचं. हे वाढलं की यंत्र ने-आण करण्यातच दमतं. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या दुखण्याची नीट मीमांसा केली. त्याआधी १९६६ मध्ये आयबीएमच्या लास्झलो बेलाडी यांनी आदर्श उपाय मांडला होता: जे पान सगळ्यांत उशिरा लागणार, ते काढा. बिनतोड! पण पुढचं कुणाला दिसतं? म्हणून कर्नल मागचं पाहतो. बराच वेळ कुणी शिवलं नाही, ते पान आधी बाहेर.

लिनक्सकडे यासाठी वर्षानुवर्षं दोनच याद्या होत्या, वापरातल्या पानांची आणि पडून असलेल्यांची. शिवाय एकेक पान घेऊन त्याचा धनी शोधायचा. ग्रंथपालानं एकेक पुस्तक उचलून वाचकाच्या शोधात हिंडावं, तसं हे काम. गूगलचे यू झाओ यांनी ते उलटं केलं. वाचकांच्या टेबलांवरून एक फेरी मारली, की उघडी पुस्तकं दिसतातच! वापरलेल्या पानाची खूण प्रोसेसर करून ठेवतो. त्या खुणा एका फेरीत गोळा करायच्या. दोन याद्यांऐवजी चारपर्यंत पिढ्या. नुकतं वापरलेलं पान तरुण पिढीत जातं, जागा मात्र सगळ्यांत म्हाताऱ्या पिढीकडून घ्यायची.

डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत ही पद्धत आली. केस्वॅपडीचा प्रोसेसरवरचा भार ४० टक्क्यांनी घटला, असं गूगलनं सांगितलं. आकडे करणाऱ्यांचेच आहेत, हे ध्यानात ठेवावं. तरी मला ही सुधारणा मोलाची वाटते, कारण तिचा फायदा कमी मेमरीच्या स्वस्त फोनवाल्याला अधिक. मात्र एकाच वेळी खरोखर लागणारी पानंच मेमरीत मावत नसतील, तर कुठलीही युक्ती चालत नाही. मग एखादं अॅप बंद पडतंच.