ध्वनींची प्रतवारी

‘चिंच’ हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा. लिहिताना आपण दोन्ही ठिकाणी एकच अक्षर काढतो. पण पहिला च म्हणताना जिभेचा पसरट भाग टाळूला लागतो आणि शेवटचा च म्हणताना जीभ पुढे सरकून दातांच्या मुळाशी येते. व्याकरणकार पहिल्याला तालव्य म्हणतात, दुसऱ्याला दंततालव्य. चहा, चंद्र, चिमणी यांतला च पहिल्या जातीचा. चाक, चोर, चांगला यांतला दुसऱ्या. ‘जग’ हा शब्द तर याहून गमतीचा आहे. दुनिया या अर्थी त्यात एक ज असतो आणि ‘सुखाने जग’ असा आशीर्वाद देताना दुसरा. मराठी जशी बोलावी तशी लिहिली जाते असे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान येथे थोडा उणा पडतो.

लिपीने जे एका पोत्यात भरले आहे ते पुन्हा निवडून वेगळे करायचे, आणि तेही कानाच्या भरवशावर न राहता, असा उद्योग गेल्या वर्षभर मी भाषाशास्त्राच्या अभ्यासाचा भाग म्हणून केला. आपल्या बाजार समितीच्या आवारात मालाची प्रतवारी होते, तशीच ही ध्वनींची प्रतवारी. ती कशी करतात हे कलाशाखेच्या वाचकांना समजेल अशा भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. वाचकांपैकी पुष्कळांचाही सुटला असेल, तेव्हा आपण सारखेच आहोत.

ध्वनी मोजण्याची कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही, हे जाता जाता सांगितले पाहिजे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गवयाच्या गळ्यातून निघणारा स्वर तारेच्या लांबीशी ताडून पाहायचा आणि त्याचे गणित मांडायचे, असा त्यांचा मार्ग होता. त्यांच्या निष्कर्षांवर संगीतज्ञांत पुढे पुष्कळ वाद झाले. पण गळ्यातून क्षणात नाहीसा होणारा स्वर आकड्यात पकडता येतो, ही हिंमत त्या काळी सांगलीच्या एका निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी दाखवली. तार स्वर मोजू शकते. बोलणे मात्र मोजू शकत नाही. बोलण्यात एका सेकंदात दहा-बारा ध्वनी सहज येऊन जातात आणि प्रत्येकात एकाच वेळी अनेक कंपने मिसळलेली असतात. ती सुटी करून दाखवणारे यंत्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४० नंतरच्या दशकात तयार झाले. सव्वादोन-अडीच सेकंदांच्या आवाजाचे चित्र काढायला त्याला काही मिनिटे लागत. बहिऱ्या माणसांना बोलणे डोळ्यांनी वाचता यावे हा त्यामागचा एक हेतू होता. तो फारसा साधला नाही, पण भाषाशास्त्रज्ञांना मात्र घबाड सापडले.

या चित्राला स्पेक्ट्रोग्रॅम म्हणतात. आपण त्याला ध्वनिचित्र म्हणू. ते वाचायला कठीण नाही. डावीकडून उजवीकडे काळ जातो. खालून वर कंपनसंख्या वाढत जाते. सेकंदाला एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ. ज्या जागी ध्वनीचा जोर अधिक, ती जागा काळी. जोर नाही तेथे कागद पांढरा. ‘आ’ म्हटले की काळे आडवे पट्टे उमटतात. त्यांतील खालचे दोन ‘आ’मध्ये एकमेकांजवळ असतात, तेच ‘ई’मध्ये एक तळाशी आणि दुसरा खूप वर, असे फाकतात. प, त, क यांच्या जागी आधी पांढरी पोकळी दिसते, कारण तोंड त्या क्षणी बंद असते, आणि मग फटकन् एक उभी रेघ. ख, थ, फ यांत त्या रेघेनंतर थोडा धुरळा दिसतो. तो महाप्राणाचा श्वास. स म्हणजे चित्राच्या वरच्या भागातील दाट धुके. श चे धुके त्याहून खाली, अडीच-तीन हजार हर्ट्झपासूनच सुरू होते.

आता आपल्या दोन च कडे येऊ. च हा स्पर्श आणि घर्षण यांचा जोडध्वनी आहे: आधी पोकळी, मग फटका, आणि लगेच धुक्याचा आखूड पट्टा. तालव्य च चे धुके श सारखे खालून सुरू होते आणि दंततालव्य च चे स सारखे वर चढलेले असते. ‘चिंच’चे ध्वनिचित्र समोर ठेवले की शब्दाच्या डाव्या टोकाचे धुके खाली बसलेले आणि उजव्या टोकाचे वर गेलेले स्पष्ट दिसते. ज्याला मराठीचे अक्षर ठाऊक नाही असा मनुष्यही ‘हे दोन वेगळे आहेत’ म्हणून सांगेल.

एका शब्दाचे चित्र पाहणे ही मौज आहे. शेकडो तुकड्यांची निवड करणे हे काम आहे. त्यासाठी संगणकाची मदत लागते. मी वापरले ते सॉफ्टवेअर ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्राट’. डच भाषेत या शब्दाचा अर्थ ‘बोल’ असा होतो. ते विनामूल्य मिळते आणि साध्या संगणकावरही चालते. प्रथम मुद्रित बोलण्याचे तुकडे पाडायचे. मध्ये शांतता आली की तेथे खूण करण्याचे काम सॉफ्टवेअर आपण होऊन करते. पण शब्दाच्या पोटातला च कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे चित्रावर नजर ठेवून हातानेच ठरवावे लागते. हे काम गवतातून मेथी निवडण्यासारखे आहे. घाई केली की वाया जाते.

तुकडे पाडल्यावर प्रत्येकाला एक आकडा द्यायचा. च च्या धुक्यासाठी सर्वांत उपयोगी आकडा म्हणजे त्याचा गुरुत्वमध्य. लाकडी दांड्यावर निरनिराळ्या जागी वजने टांगली तर दांडा ज्या बिंदूवर तोलला जाईल तो बिंदू, तसाच हा. फक्त दांडा कंपनसंख्येचा आणि वजने ध्वनीच्या जोराची. तालव्य च चा तोल खाली साधतो, दंततालव्याचा वर. हे आकडे एका ओळीत मांडून संगणकाला सांगायचे, ‘याचे दोन ढीग कर, असे की प्रत्येक ढिगातले दाणे एकमेकांना जवळ असावेत.’ संगणक अंदाजाने दोन मध्यबिंदू धरतो, प्रत्येक तुकडा जवळच्या मध्यबिंदूकडे टाकतो, मग ढिगांचे मध्य पुन्हा काढतो, पुन्हा वाटणी करतो. तुकडे जागा बदलायचे थांबले की थांबतो. यात बुद्धी नाही, चिकाटी आहे.

एका आकड्यावर भागत नाही तेथे दोन ध्वनिचित्रे सबंध ताडून पाहावी लागतात. अडचण अशी की एकच शब्द कोणी सावकाश बोलतो, कोणी भरभर. तेव्हा एक चित्र रबरी फितीप्रमाणे काही जागी ताणून, काही जागी आवळून दुसऱ्यावर बसवतात आणि तरीही किती फरक उरतो ते मोजतात. साकोए आणि चिबा या जपानी संशोधकांनी १९७८ साली मांडलेली ही रीत भाषणओळखीच्या क्षेत्रात पुढे वर्षानुवर्षे चालली.

ऐकताना हे सारे सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या प्रयत्नात जे ढीग पडतात ते बहुधा ध्वनींचे नसतातच. एका ढिगात सगळ्या बायका आणि दुसऱ्यात सगळे पुरुष, असे होते. किंवा एका ढिगात स्वयंपाकघरात घेतलेली मुद्रणे आणि दुसऱ्यात सोप्यावर घेतलेली. संगणकाला आपण ‘वेगळे काय ते सांग’ म्हणतो आणि तो इमानेइतबारे सांगतो. कोणता वेगळेपणा आपल्याला हवा आहे हे त्याला माहीत नसते. पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी, रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.चा हॉर्न, हे सारे चित्रात उमटते. विजेच्या तारांची गुणगुण तर पन्नास हर्ट्झवर आणि त्याच्या पटींत सरळ रेघा मारून बसते. सर्वांत स्वच्छ मुद्रणे भारनियमनाच्या वेळेत मिळतात, असे माझे प्रामाणिक मत आहे. वीजमंडळाला आजवर कोणी दिलेला हा पहिलाच धन्यवाद असावा.

मुद्रण कशावर केले यालाही फार महत्त्व आहे. जुन्या टेलिफोनवरून साधारण तीनशे ते तीन हजार चारशे हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. दंततालव्य च चे सारे वैभव त्याच्या वर. म्हणजे फोनवर ते ऐकूच येत नाही, आपला कान ते शब्दावरून भरून काढतो. सेकंदाला आठ हजार नमुने घेऊन केलेल्या मुद्रणात चार हजार हर्ट्झच्या वरचे काही उरत नाही, कारण नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्यापर्यंतचीच कंपने पकडता येतात. अशा मुद्रणाची कितीही प्रतवारी केली तरी दोन च एकाच ढिगात पडणार. त्यासाठी सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर नमुने घ्यावेत. शिवाय प्राटमध्ये चित्राची वरची मर्यादा आधीपासून पाच हजार हर्ट्झवर ठेवलेली असते. ती दहा हजारांपर्यंत वाढवावी. नाहीतर पाहायचे तेच छपराच्या वर राहते.

आणखी एक गोम आहे. गुऱ्हाळावरचे दोन शब्द घेऊ: चिपाड आणि चुलवण. पहिल्यातला च तालव्य, दुसऱ्यातला दंततालव्य. पण चुलवण म्हणताना पुढच्या उकारासाठी ओठांचा चंबू आधीच होतो, तोंडातील पोकळी लांबते आणि धुके खाली उतरते. ‘चाक’मधला च जितका उंच, तितका ‘चूल’ किंवा ‘चोर’मधला नसतो. मग संगणकाला तो सीमेवरचा वाटतो. म्हणून समान स्वरापुढचे च समोरासमोर ठेवावेत: ‘चार बैल’मधला चार आणि ‘बैलांचा चारा’मधला चारा. येथे शेजारचा स्वर एकच आहे, तेव्हा उरलेला फरक च चाच.

आता ज्यासाठी मी हा उद्योग आरंभला त्याकडे येतो. आपल्या वर्गात वाळवा तालुक्याच्या गावागावांतून आलेली मुले आहेत. त्यांपैकी कोणी उभे राहून ‘पानी’ म्हणाले की मागच्या बाकावरून हसू येते. ‘ण म्हणता येत नाही’ हा शेरा मी प्राथमिक शाळेपासून ऐकत आलो आहे. या शेऱ्यात गृहीत असे असते की बोलणाऱ्याची जीभ आळशी आहे, मूर्धन्य ध्वनी तिला पेलत नाही. ध्वनिचित्रात हे तपासता येते. मूर्धन्य ध्वनीसाठी जिभेचे टोक मागे वळते आणि त्यामुळे आधीच्या स्वराचा तिसरा पट्टा संपता संपता खाली, दुसऱ्या पट्ट्याकडे वाकतो. न च्या आधी असा वाक नसतो.

शेजारच्या गावातील एका वृद्ध आजींचे बोलणे त्यांच्या संमतीने मी मुद्रित केले होते. त्यातील पाणी, लोणी, कोण, आणि त्याबरोबर पान, कान, मन असे शब्द निवडून प्रतवारी केली. त्यांचे सगळे ‘ण’ पान-कानच्या ढिगात गेले, एकही बाहेर राहिला नाही. मग त्याच आजींचे वेळ आणि वेल, काळ आणि काल हे शब्द घेतले. तेथे ढीग स्वच्छ दोन पडले. ‘ळ’च्या आधी तिसरा पट्टा हमखास वाकलेला. ट, ड यांच्या आधीही तसाच. म्हणजे आजींची जीभ मागे वळते, रोज शेकडो वेळा वळते. त्यांच्या बोलीत ‘ण’ हा स्वतंत्र ध्वनी नाही, एवढेच. जो नियम त्या पाळतात तो काटेकोर आहे. तो आपल्या शुद्धलेखनाच्या पुस्तकात छापलेला नाही, ही गोष्ट निराळी.

एका माणसाच्या बोलण्यावरून तालुक्याचे अनुमान काढता येत नाही, हे उघड आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातील बोलींचे नमुने मुख्यतः कागदावर उतरवून घेतलेले, म्हणजे लिहिणाऱ्याच्या कानावर विसंबलेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने २०१७ नंतरच्या वर्षांत मराठी बोलींचे नवे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले गेले, आणि त्यातील सामग्री संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. आपल्या महाविद्यालयातील ज्यांना हा विषय घ्यावासा वाटेल त्यांनी आधी ती ऐकावी. मग स्वतःच्या गावातील चार-पाच माणसे निवडावीत. वय, लिंग, गाव आणि शिक्षण यांची नोंद करावी, नावे गुप्त ठेवावीत, आणि मूळ मुद्रणाला हात न लावता त्याच्या प्रतीवर काम करावे. ‘पाणी म्हणा’ असे मात्र कोणाला सांगू नये. सांगितले की माणूस शाळेत बसल्यासारखा बोलू लागतो. विहीर, गुऱ्हाळ, पोळा, पूर असे विषय काढावेत. २००५ च्या आणि २०१९ च्या महापुराविषयी विचारले की कृष्णाकाठचा मनुष्य तास-दीड तास थांबत नाही, आणि त्यात ‘पाणी’ हा शब्द न मागता येतो.

माझ्याजवळ दोन ढिगांखेरीज एक तिसरा, लहानसा ढीग शिल्लक आहे. त्यात महाविद्यालयात शिकणाऱ्या काही तरुणांचे ‘ण’ आहेत. त्यांत तिसरा पट्टा वाकतो, पण अर्धवट. ळ च्या आधी जितका वाकतो तितका नाही. घरी ‘पानी’ म्हणणारी आणि वर्गात ‘पाणी’ म्हणणारी ही मुले. ऐकताना तो कधी न वाटतो, कधी ण. तीन मित्रांना ऐकवले तर तिघांनी तीन उत्तरे दिली. संगणक त्यांना एकदा या ढिगात टाकतो, एकदा त्या. त्याच मुलांचे घरचे बोलणे आणि वर्गातले बोलणे वेगवेगळे मुद्रित करून पुन्हा निवड करायची आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती मुले गावी गेली की ते काम सुरू करता येईल.