दुसऱ्या चाड्यातलं खत

दोन चाड्यांच्या पाभरीत एका चाड्यात बी सोडतात, दुसऱ्यात खत. चाड्यावर मूठ धरणारीच्या बोटांतून करडे दाणे नळीत उतरतात आणि फणाने उघडलेल्या तासात बियाण्याजवळ मातीआड होतात. हे दाणे बहुधा डीएपीचे असतात. त्यातला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीत काही मिलिमीटरपलीकडे सरकत नाही, म्हणून तो मुळाच्या वाटेतच नेऊन ठेवावा लागतो.

नत्र पाण्याबरोबर निघून जातं, स्फुरद मातीला चिकटतो. चुनखडीच्या काळ्या रानात त्याला कॅल्शियम धरतं, कोकणच्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. पकड अशी, की घातलेल्यापैकी साधारण पाचवा हिस्साच पहिल्या हंगामात पिकाच्या वाट्याला येतो. एका वेळी मातीच्या ओलाव्यात विरघळलेला स्फुरद हेक्टरी एक किलोही भरत नाही. मुळांनी तो उचलला की माती पुन्हा थोडा सोडते.

यातूनच एक समज पक्का झाला: जास्त पडलं तरी जाईल कुठे, रानातच राहील!

पण मातीतल्या जागा एसटीतल्या जागांसारख्या असतात. आधी आलेले सीटवर घट्ट बसतात, मग दाटीवाटी होते, आणि शेवटी चढलेले दारात लोंबकळतात. वर्षानुवर्षं पिकाच्या गरजेपेक्षा जास्त खत पडलेल्या रानात असा लोंबकळता स्फुरद वाढत जातो. मोठा पाऊस झाला की तो पाण्यात उतरतो.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठावर टोलेडो शहर आहे. 2 ऑगस्ट 2014 रोजी पहाटे तिथल्या चार लाखांहून अधिक लोकांना सांगण्यात आलं, की नळाचं पाणी पिऊ नका. उकळूही नका, कारण वाफ उडाली की उरलेल्या पाण्यात विष आणखी दाट होतं. ते विष होतं मायक्रोसिस्टिन, सरोवरावर पसरलेल्या निळ्या-हिरव्या शेवाळाने तयार केलेलं. गोड्या पाण्याच्या एवढ्या अफाट साठ्याशेजारी राहणारी माणसं बाटलीबंद पाण्यासाठी रांगा लावत होती. बंदी उठली 4 ऑगस्टला.

शेवाळाला खतपाणी कोण घालतं, हे कॅनडात 1973 साली डेव्हिड शिंडलर यांनी दाखवलं होतं. त्यांनी एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नत्र घातलं, स्फुरद मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली.

ईरी एकदा सावरलंही होतं. 1972 च्या अमेरिका-कॅनडा करारानंतर सांडपाण्यातला आणि साबणपावडरींतला फॉस्फेट कमी केला गेला, आणि पाणी निवळलं. मग 1990 च्या दशकाच्या मध्यापासून मॉमी नदीतून येणारा विरघळलेला स्फुरद वाढू लागला. या नदीच्या खोऱ्याचा बराच भाग म्हणजे एकोणिसाव्या शतकात उपसलेली दलदल. जमिनीखाली निचऱ्याच्या नळ्यांचं जाळं आहे. धूप थांबावी म्हणून अनेकांनी नांगरट सोडली, तो हेतू चांगलाच होता. गाळ कमी झाला. पण वरून फोकलेलं खत आता मातीत मिसळेना. ते वरच्या थरात साठलं आणि भेगांतून, गांडुळांच्या बिळांतून थेट निचऱ्याच्या नळीत उतरू लागलं. धो धो पाऊस आणि थंडीच्या तोंडावर फोकलेली खतं यांनी त्यात भर घातली.

शेतकऱ्याच्या हिशेबात हे नुकसान दिसतच नाही. डीएपीच्या 50 किलोच्या गोणीत शुद्ध स्फुरद सुमारे 10 किलो. हेक्टरमागे एखादा किलो वाहून गेला तर उत्पन्नात काडीचा फरक पडत नाही. पाण्याचं गणित वेगळं आहे. लिटरमागे 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास स्फुरदही तळ्याला शेवाळ आणायला पुरतो, म्हणजे तो एक किलो सव्वातीन कोटी लिटर पाण्याला भारी पडतो. दहा हजार लिटरच्या तीन हजारांहून जास्त टँकरांना!

ओहायोने 2015 साली कायदा करून ईरीच्या पश्चिम खोऱ्यात गोठलेल्या किंवा पाण्याने तुंबलेल्या जमिनीवर खत टाकायला मनाई केली. बारा तासांत इंचभर पावसाची निम्म्याहून अधिक शक्यता असेल, तर खत फोकायचं नाही. खत मातीआड पेरणाऱ्या यंत्रांचाही तिथे आग्रह धरला जातो. पाभरीचं दुसरं चाडं हेच काम करत आलं आहे.

साचलेला साठा मात्र लगेच हटत नाही. खत पूर्ण थांबवलं तरी पिकांना तो उपसायला अनेक वर्षं लागतात. म्हणून गोणी फोडण्याआधी माती परीक्षणाचा कागद पाहणं महत्त्वाचं. त्यावर स्फुरदापुढे 'अत्यंत जास्त' लिहून आलं असेल, तर त्या हंगामात डीएपीची गोणी विकत घ्यायचं कारण उरत नाही.