मिसळलं की मोल गेलं

डिसेंबरच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे पारा उतरू लागला की द्राक्षबागायतदार रद्दीच्या शोधात निघतात. कडक थंडीत हिरव्या द्राक्षाचा मणी गुलाबी पडतो. बागायतदार त्याला 'पिंक बेरी' म्हणतात, आणि असा घड निर्यातीच्या मालात चालत नाही. त्यावरचा उपाय साधा आणि कष्टाचा आहे. मण्यात पाणी उतरण्याच्या सुमाराला घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. एका एकरात हजारो घड असतात, आणि मजूर बाया वेलीखाली उभ्या राहून दिवसच्या दिवस हे काम करतात. शहरात सकाळी चहाबरोबर वाचलेला पेपर रद्दीवाल्याच्या काट्यावरून असा बागेत पोचतो आणि परदेशी जाणाऱ्या मालाचा रंग राखतो.

यात अट एकच. कागद कोरडा आणि स्वच्छ हवा. त्याच पेपरात कालची भाजी बांधून तो डब्यात टाकला, तर त्याला ना बागायतदार विचारतो, ना पुठ्ठ्याची गिरणी. नाशिकच्या कचऱ्याचं अर्थकारण मला या एका अटीत दिसतं. वस्तू जुनी झाल्याने तिची किंमत थोडी उतरते, पण दुसऱ्या कचऱ्यात मिसळल्याने ती शून्यावर येते, कधी शून्याच्याही खाली.

हे शहर वस्तू परत वापरात आणायला नव्याने शिकलेलं नाही. इथल्या भांडी बाजारात तांब्या-पितळेची मोड घेऊन जाणारी घरं अजून आहेत. आजीचं चेपलेलं घंगाळ काट्यावर चढतं, घट धरून मोडीचा भाव ठरतो आणि तेवढी रक्कम नव्या भांड्यातून वजा होते. बोहारीण जुन्या साड्यांवर पातेलं देऊन जाते, ते कपडे पुढे बाजारात निवडले जातात आणि दुरुस्त होऊन पुन्हा अंगावर चढतात. या व्यवहारात कुणाला पर्यावरणाचं व्याख्यान द्यावं लागलं नाही. पितळ पितळ म्हणून वेगळं होतं, कापड कापड म्हणून वेगळं होतं, म्हणून सगळं आपोआप चाललं.

अडचण आली ती शहर वाढल्यावर. १९८२ मध्ये महापालिका झाली. सिडकोची घरं उभी राहिली, सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी माणसं ओढून आणली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर गेली. आज सहा विभागांतून मिळून रोज पाचशे टनांहून जास्त कचरा निघतो. एवढ्या कचऱ्याला बोहारीण पुरी पडणार नाही.

नव्वदच्या दशकात नाशिकने घंटागाडी आणली. त्याआधी चौकाचौकात कुंडी असायची, आणि कुंडीभोवती कुत्री, गाई, डुकरं. गाडीच दारात येऊ लागल्यावर कुंडीची गरज संपली. आज दोन कप्प्यांची, जीपीएस लावलेली गाडी आपल्याला अगदी साधी वाटते, पण शहराच्या आरोग्यात तिने केलेला बदल मोठा आहे. कचरा रस्त्यावर न टेकता थेट पुढे जाऊ लागला. गाडीला दोन कप्पे आहेत ते ओला आणि सुका कचरा वेगळा राहावा म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच तीन वाटे सांगितले: ओला, सुका आणि घरगुती घातक. जुने सेल, ट्यूबलाइट, मुदत उलटलेली औषधं हे तिसऱ्यात.

घंटागाडीवरचा कामगार हा या साखळीतला सर्वात घाईतला माणूस असतो. त्याच्यापुढे गल्ल्या असतात, वेळ ठरलेली असते, आणि हातात येणारी पिशवी गाठ मारलेली असते. ती सोडून आत काय आहे ते बघायला त्याला उसंत नाही. बघायला गेला तर हाताला ब्लेड लागतं, सुई टोचते, कागदात न गुंडाळलेलं पॅड हाती येतं. आपल्या घरात अर्ध्या मिनिटाचं असलेलं काम गाडीवर गेल्यावर दुसऱ्याच्या हातावरची जखम होतं.

गाड्या जातात पाथर्डीच्या बाजूला, पांडवलेण्यांच्या पलीकडे विल्होळीकडे, खतप्रकल्पावर. आधी महापालिका स्वतः चालवत असलेलं हे काम नंतर खासगी कंपनीकडे गेलं. प्रकल्पाचा मुख्य कामगार मात्र कुणाच्याही पगारपत्रकावर नाही, कारण तो जिवाणू आहे. ओल्या कचऱ्याच्या लांबच लांब राशी लावतात आणि त्यांच्यावर जिवाणूंचं कल्चर फवारतात. जिवाणू कामाला लागले की रास आतून तापते, पंचावन्न-साठ अंशांपर्यंत जाते. त्या उष्णतेत रोगजंतू मरतात, तणाचं बी जळतं. दर काही दिवसांनी यंत्राने रास उलटावी लागते, कारण या जिवाणूंना हवा लागते. हवा मिळाली नाही तर त्यांची जागा हवेविना जगणारे दुसरे जिवाणू घेतात, आणि मग दुर्गंधी सुटते, मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. राशीतून काळं पाणी झिरपतं. तेही गोळा करून शुद्ध करावं लागतं, नाहीतर ते विहिरीत उतरतं. पाथर्डी-गौळाणेकडच्या लोकांनी वासाच्या तक्रारी वर्षानुवर्षं केल्या. त्या रास्त होत्या. शहराचा कचरा शहराबाहेर गेला म्हणजे तो कुणाच्या तरी गावात गेलेला असतो.

चार-पाच आठवड्यांनी रास शांत होते, थंडावते, काळसर होते. मग फिरत्या चाळण्यांचं काम. शेवटची चाळणी चार मिलिमीटरची, कारण सरकारी मानकाप्रमाणे शहरी कंपोस्टचा नव्वद टक्के तरी भाग त्यातून पडला पाहिजे. खाली पडतं ते खत. राज्य सरकारने अशा खतासाठी 'हरित महासिटी कंपोस्ट' ही नाममुद्रा काढली. द्राक्षाच्या आणि कांद्याच्या जमिनीला सेंद्रिय कर्ब हवाच असतो. रासायनिक खत पिकाला खाऊ घालतं, पण मातीत पाणी धरून ठेवायचं काम कंपोस्टच करतं.

अडतं ते पुन्हा मिसळण्यावर. टॉर्चचा एक सेल राशीत फुटला तर त्यातला जड धातू खतात उतरतो. मानकात शिसं किलोमागे १०० मिलिग्रॅम आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम यांपेक्षा जास्त चालत नाही. चाळणी आकार ओळखते, विष ओळखत नाही. फुटलेल्या बाटलीचा बारीक चुरा चार मिलिमीटरच्या भोकातून सहज निसटतो. अनवाणी पायाने वाफ्यात उतरणाऱ्या शेतकऱ्याने एकदा खतात काच बघितली की तो पुन्हा ते खत घेत नाही, आणि त्याचं चूक म्हणता येत नाही.

ओल्या कचऱ्याची दुसरी वाट वीजनिर्मितीची. भारत-जर्मनी सहकार्यातून, जीआयझेड या जर्मन संस्थेच्या मदतीने, नाशिकमध्ये २०१७ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. त्यात हॉटेलांचा अन्नकचरा आणि सार्वजनिक शौचालयांचा मैला एकत्र आंबवून गॅस काढतात आणि त्यावर जनित्र चालतं. रोजची क्षमता साधारण तीस टनांची, उद्दिष्ट सुमारे ३,३०० युनिट विजेचं. ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण तिच्यामागे शास्त्र आहे. उरलेल्या भातात, पोळीत, भाज्यांत कार्बन भरपूर असतो, मैल्यात नायट्रोजन. बंद टाकीतल्या जिवाणूंना दोन्ही प्रमाणात लागतात. नुसतं अन्न दिलं तर टाकी आंबट होऊन जिवाणू मंदावतात. शहराच्या दोन सर्वात नकोशा गोष्टी एकमेकींच्या उणिवा भरून काढतात, हे मला या शहरातल्या अभियांत्रिकीचं फार सुंदर उदाहरण वाटतं. पण या टाकीला प्लास्टिकचा चमचा पचत नाही. हॉटेलच्या मोरीवर बादली कुणी आणि कशी भरली, त्यावर जनित्राचं फिरणं अवलंबून आहे.

आता सुका कचरा. इथे महापालिकेच्या कितीतरी आधीपासून एक दुसरी यंत्रणा उभी आहे, जिला कुणी निविदा काढून नेमलेलं नाही. कचरावेचक बाई, हातगाडीवरचा भंगारवाला, गल्लीतलं दुकान, मोठा व्यापारी, मग कारखाना. प्रत्येक पायरीवर माल आणखी बारीक निवडला जातो. लोखंडात पत्रा वेगळा, बीड वेगळं. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम वेगळं. कागदात पांढरी रद्दी, पेपर, पुठ्ठा. प्लास्टिकमध्ये कडक वेगळं, नरम वेगळं. अनुभवी हात तुकडा वाकवून बघतो, नखाने खरवडतो, जमिनीवर आपटून आवाज ऐकतो. प्रयोगशाळेशिवाय ते निदान बरोबर येतं, आणि या कौशल्याचं प्रमाणपत्र मात्र कुठेही मिळत नाही. वेगळं झालेलं भंगार मग दूर जातं. जालन्याच्या भट्ट्यांत लोखंड वितळून सळया होतात, वापीच्या गिरण्यांत पुठ्ठ्याचा लगदा होतो. भंगारातून ॲल्युमिनियम केलं तर खनिजापासून करण्याच्या तुलनेत ९५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा वाचते.

प्लास्टिकसाठी फार लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात, मालेगावात, यंत्रमागांच्या जोडीने प्लास्टिक गिट्टीचा धंदा वाढला आहे. जुनं प्लास्टिक दळून त्याची गिट्टी होते, ती धुतात, वितळवतात, आणि त्यातून शेतीचे पाइप निघतात. नाशिकच्या घरात फुटलेली बादली कसमादेच्या (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्याच्या) रानात पाण्याची नळी होऊ शकते. हे पाइप बहुतेक काळेच का असतात, याचंही उत्तर मिसळण्यात आहे. लाल, निळं, हिरवं एकत्र वितळलं की मळकट रंग येतो, तो झाकायला काळा घालावा लागतो. धुण्याचं पाणी आणि भट्टीचा धूर या मालेगावकरांच्या जुन्या तक्रारी आहेत. पुनर्वापराच्या नावाखाली त्या दुर्लक्षित राहता कामा नयेत.

पाण्याच्या बाटलीचं उदाहरण घेण्यासारखं आहे. बाटली पेटची, झाकण दुसऱ्या प्लास्टिकचं. दोन्ही दळून पाण्यात टाकलं की पेट तळाशी बसतं आणि झाकणाचा चुरा तरंगतो, कारण तो पाण्याहून हलका. निसर्गाने दिलेली ही निवड फुकट आहे. पण त्यात पीव्हीसीचे तुकडे आले तर तेही पेटसारखेच बुडतात. पुढे अडीचशे अंशांवर पेट वितळू लागलं की पीव्हीसी करपतं, त्यातून आम्ल निघतं आणि सगळा घाणा पिवळा पडतो. थोडंसं पीव्हीसी पुष्कळ पेट बिघडवतं. म्हणून निवडणारी बाई त्या कारखान्याची खरी गुणवत्ता-तपासनीस आहे, तिच्या हाती तसं ओळखपत्र असो वा नसो.

बिस्किटाच्या पुड्यासारखं थरांचं वेष्टन मात्र कुठलाच भंगारवाला घेत नाही. त्यात प्लास्टिकला धातूचा पातळ थर चिकटलेला असतो, तो सोडवणं परवडत नाही. अशा मालाचा शेवट सुका करून, तुकडे करून सिमेंट भट्टीत जळण म्हणून होतो. तोही कोरडा असेल तरच. आमटीने भिजलेलं वेष्टन जळताना आपली काही उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यात घालवतं.

एवढं काम करणाऱ्या भंगाराच्या धंद्याला नाशिकने जागा दिली नाही, ही माझी खरी खंत आहे. अंबड-सातपूर लिंक रोडवर वर्षानुवर्षं मोठा भंगार बाजार होता. २०१७ च्या जानेवारीत महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात तो हटवला. नंतर तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा कारवाई झाली. अतिक्रमण खरं होतं, आगीची भीती खरी होती, शेजारच्या वसाहतींचा त्रास खरा होता. पण बाजार उठला म्हणून शहरातून निघणारं भंगार काही कमी झालं नाही. ते आडबाजूला, आणखी अरुंद जागांत, आणखी कमी देखरेखीखाली गेलं. भाजीला मंडई लागते हे आपण मानतो. भंगारालाही लागते: पाण्याची सोय, आग विझवायची व्यवस्था, वजनकाटा आणि रीतसर परवाना असलेली.

पुण्याने या बाबतीत वेगळी वाट काढली. तिथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. तिचे सदस्य महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा घेतात, सुका माल स्वतः निवडून विकतात. उकिरड्यावर वाकलेली बाई तिथे दाराशी गणवेशात उभी राहू लागली. २०१६ च्या नियमांनीही कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. नाशिकमध्ये घंटागाडीची बांधणी पक्की आहे. तिच्या सुक्या कप्प्याशी या लोकांना जोडणं अवघड नाही.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात या जोडणीची गरज रोज भासणार आहे. तपोवनात साधुग्राम वसेल, रामकुंडावर लाखोंची गर्दी होईल, पाण्याच्या बाटल्यांचे, पत्रावळींचे, झेंडूच्या निर्माल्याचे ढीग लागतील. निर्माल्याचं खत उत्तम होतं, फक्त हारातला नायलॉनचा दोरा आणि जरीची पट्टी काढायला कुणीतरी हवं. पत्रावळ पानांची असेल तर ती राशीत जाते, चकचकीत मुलामा दिलेली असेल तर नाही. म्हणून अन्नछत्रांना पत्रावळ कोणती हे आधीच ठरवून द्यायला हवं. बाटल्यांसाठी घाटाजवळ खरेदी-केंद्रं हवीत, आणि ती चालवायला शहरातल्या कचरावेचक बायांनाच नेमायला हवं. रोजंदारी, हातमोजे, ओळखपत्र आणि निवडलेल्या मालावरचा हक्क त्यांना आधीच लेखी मिळाला, तर गोदावरीत जाऊ पाहणारी बाटली त्या स्वतःच अडवतील.